मोठे आधी, धाकटे मागाहून

साखर कारखान्यातल्या केमिस्टसमोर डेक्स्ट्रानचं नाव काढा, त्याच्या कपाळाला आठ्या पडतील. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू साखरेपासून हा बुळबुळीत पदार्थ तयार करतात आणि गाळण्या तुंबतात. स्वीडनमधल्या बीटच्या साखरेलाही हाच ताप. उप्सालाच्या रसायनशास्त्रज्ञांनी मात्र त्याचं सोनं केलं. आधी त्यातून रक्तद्रवाला पर्याय निघाला. पुढे डेक्स्ट्रानच्या साखळ्या एकमेकींना बांधून न विरघळणारे मणी तयार झाले. १९५९ साली येर्कर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांनी ‘नेचर’मध्ये रेणूंना आकारानुसार वेगळं करण्याची या मण्यांची करामत मांडली. फार्मासिया कंपनीने ते ‘सेफाडेक्स’ नावाने विकायला काढले.

मण्यांना सूक्ष्म छिद्रं असतात. चाळणीतून बारीक आधी पडतं, इथे उलटं. जत्रेत हत्ती सरळ रस्त्याने निघून जातो, पोरं मात्र प्रत्येक पालात डोकावत रेंगाळतात, तसंच. सुमारे नऊ लाख डाल्टनचं आयजीएम प्रतिपिंड मण्यांत शिरूच शकत नाही, म्हणून पहिलं बाहेर. मागून दीड लाखांचं आयजीजी, त्याच्याही मागून सहासष्ट हजारांचं अल्ब्युमिन.

जुन्या सेफाडेक्स जी-२०० चा कॉलम, म्हणजे मण्यांची उभी नळी, भरणं हा चिकाटीचा मामला. कोरडी पूड साध्या तापमानाला फुगायला तीन दिवस घेई. घाईने ओतली की हवेचे बुडबुडे अडकत; दाब वाढला की मऊ मणी चेपून प्रवाहच बंद. भरण नीट बसलं का, हे बघायला निळं डेक्स्ट्रान सोडत. निळा पट्टा आडवा, सरळ खाली उतरला तर ठीक. तिरका गेला तर सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून. मग वर थेंबाथेंबाने नमुना, तोही कॉलमच्या आकारमानाच्या जेमतेम काही टक्के, आणि थंड खोलीत रात्रभर एकामागून एक भरत जाणाऱ्या परीक्षानळ्या. सकाळी प्रत्येक नळी २८० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तपासायची.

एवढ्या उपद्व्यापाचं फळही तसंच. लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांच्या गटाने आयजीजीचे गंधकाचे बंध तोडून जड आणि हलक्या साखळ्या आम्लात, सेफाडेक्सच्याच कॉलमवर वेगळ्या केल्या. प्रतिपिंडाची चार साखळ्यांची रचना उलगडण्यात त्या कामाचा मोठा वाटा. १९७२चं नोबेल पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना विभागून मिळालं.

आज प्रतिपिंडांची औषधं करणाऱ्यांकडे सिलिकाचे टणक मणी आहेत. रात्रभराचं काम अर्ध्या तासात उरकतं. शोध असतो तो एकमेकांना चिकटलेल्या रेणूंचा. ते रुग्णाच्या शरीरात नको ती प्रतिकारशक्ती जागी करू शकतात, आणि थोराड असल्याने आलेखात मुख्य शिखराच्या आधीच उंचवटा होऊन दिसतात. प्रथिनाला इजा न करता एवढं सांगणारी पद्धत विरळाच. मात्र रेणूंच्या वजनात दुप्पट फरक नसेल तर तिची नजर कमी पडते. एकेकटं आयजीए, हेही प्रतिपिंडच, आणि आयजीजी जवळजवळ एकाच मापाचे. ते दोघं एकाच नळीत उतरतात. तिथे विद्युतभार किंवा रासायनिक ओढ यांवर चालणारा दुसरा कॉलमच लावावा लागतो.