हलता माळा

माच, माचा, माची हे शब्द एकाच कुळातले. माचा म्हणजे खाट, माची म्हणजे किल्ल्याच्या अंगावरची सपाटी. शिकारकथांमुळे आपल्या ओळखीचे झालेले मचाणही त्यांच्याच नात्यातले; मूळ संस्कृत 'मंच'. जमिनीपासून उचललेली, माणसाला बसता येईल अशी जागा, हा या साऱ्यांचा समान अर्थ. शेतकरी तिलाच माळा म्हणतो. शिकारी मचाणावर बसून हरीण टिपत असे, राखणदार माळ्यावर बसून हरीण हुसकावतो. बांधणी सारखीच, पण एकाला हरणापासून लपायचे असते आणि दुसऱ्याला आपण आहोत हे त्याला कळवायचे असते.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची हौशी शिकारही संपली. शिकारी गेला, पण हरणाला काय कळते आणि काय कळत नाही याचे त्याचे ज्ञान राखणदाराच्या उपयोगाचे आहे. म्हणून आधी शिकाऱ्याचे मचाण समजून घेऊ.

हरणाचे पहिले शस्त्र नाक. उंचीवर बसले की माणसाचा वास काही अंतर डोक्यावरून निघून जातो, पण हा भरवसा अर्धाच. डोंगरउतारावर संध्याकाळी थंड झालेली हवा खाली सरकते आणि तिच्याबरोबर वासही उतरतो. ऊन चढल्यावर हवा उलट वर जाते. म्हणून जाणता शिकारी चिमूटभर राख सोडून वारा पाही आणि हरणाच्या वाटेकडून वारा आपल्याकडे येईल अशी जागा धरी.

दुसरे शस्त्र डोळे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने हरणाला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचे दिसते. मात्र रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाला तीन प्रकारच्या, तर हरणाला दोनच. लाल-नारिंगी रंग त्याला फिका भासतो, निळा चांगला दिसतो. त्याला सावध करते ती हालचाल, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारी काळी आकृती. म्हणून मचाणाला पुढे पाने बांधली तरी पाठीमागे दाट फांदी हवीच.

आपल्या जंगलात आणखी एक पहारेकरी असतो. वानरे झाडावरून पाने-फळे खाली टाकतात, चितळे ती खायला जमतात. चितळाने वर पाहिले नाही तरी वानर पाहतेच, आणि त्याच्या खेकसण्याचा अर्थ चितळाला ठाऊक असतो.

तिसरे शस्त्र कान. नवी दोरी, नवा बांबू करकरतो. त्यामुळे सांध्यांत गोणपाट घालत, आणि मचाण काही दिवस आधी बांधून तसेच सोडत. तो आकार रोज दिसला की हरणे बुजेनाशी होतात.

फिरत्या शिकारीत सर्वांत सोयीचे मचाण म्हणजे साधी खाट. हलकी, दोघांना उचलता येणारी, झाडाच्या बेचक्यात दोरांनी बांधता येणारी. पण शेतात हवे तिथे झाड नसते. तिथे चार पायांचा सुटा माळा लागतो आणि प्रश्न तोलाचा येतो. समजा, माळा ४० किलोचा, माणूस ७० किलोचा, दोघांचे मिळून ११० किलो. पाय सरळ उभे, पाया ४ फूट रुंद. माणूस मधोमध असताना १० फूट उंचीवर आडवा धक्का बसला, तर सुमारे २२ किलोच्या जोराला माळा कलंडेल. तेच पाय खाली फाकवून पाया ६ फुटांचा केला तर ३३ किलोचा जोर लागेल. लाकूड तेवढेच, आधार दीडपट. प्रत्येक बाजूला तिरका बांबूही हवा. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही.

विदर्भातला मानवेल किंवा कोकणातला माणगा यांसारखा जवळजवळ भरीव बांबू यासाठी उत्तम. बांबू वाळलेला घ्यावा. हिरवा बांबू वाळताना आकसतो आणि घट्ट मारलेली गाठही सैल पडते. चढताना हात मोकळे असावेत, सामान नंतर दोरीने वर ओढावे, आणि झोपेत तोल जातो म्हणून कमरेची दोरी माळ्याला बांधलेली असावी.

आता राखणदाराकडे वळू. त्याने शिकाऱ्याचे नियम उलटे करायचे. वारा आपल्या पाठीवरून प्राण्यांच्या वाटेकडे जाईल असे बसायचे, म्हणजे आपला वास आपल्याआधी पोचतो. पानांची आड नको. आकृती आकाशावर उठून दिसू दे, हालचाल होऊ दे. गोफण, डबा, हाळी हे तर आहेच.

सर्वांत महत्त्वाचा उलटा नियम जागेचा. शिकारी मचाण एका जागी ठेवून हरणांना त्याची सवय लावीत असे. शेतकऱ्याचे बुजगावणे नेमके याच कारणाने निकामी होते: काही दिवसांत काळवीट, रोही, रानडुक्कर त्याला ओळखतात आणि त्याच्या पायाशी चरतात. एकाच कोपऱ्यात हंगामभर उभ्या माळ्याचेही तेच होते. त्याच्यापासून दूरचे टोक कोणते, हे प्राण्यांना कळून चुकते. म्हणून माळा दोघांना उचलता येईल इतका हलका करून दर चार-आठ दिवसांनी त्याची जागा बदलावी.

यात एक इशारा आहे. विदर्भात जागलीला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. माळा वाघापासून थोडे अंतर देतो. झाडावर चढणाऱ्या बिबट्यापासून तेवढेही नाही. आणि अंधारात माळ्यापर्यंत जाणे-येणे हे वर बसण्याइतकेच जोखमीचे. म्हणून दिवस मावळण्याआधी चढावे, उजाडल्यावर उतरावे आणि एकट्याने जाऊ नये. पुढच्या वेळी माळा हलवायलाही दुसरा माणूस लागणारच आहे.