सहकाराचे संशोधक एकत्र येतात तेव्हा

नफा हा ज्यांचा एकमेव हेतू नाही आणि ज्यांचा कारभार सरकारी खात्याच्याही हाती नाही, अशा संस्थांच्या व्यवहाराला अभ्यासक ‘सामाजिक अर्थव्यवस्था’ म्हणतात. दूध संस्था, पतसंस्था, बचत गट, ग्राहक भांडार ही तिची परिचित रूपे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या बाजूने ठराव केला. २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष ठरले. विषयाला प्रतिष्ठा मिळाली, पण त्यावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी बहुधा एकटाच असतो. कुणी अर्थशास्त्र विभागात, कुणी समाजशास्त्रात, कुणी वाणिज्यात. एकाच गावातील एकाच गटाकडे दोघे वेगवेगळ्या प्रश्नावल्या घेऊन जातात आणि परस्परांना ओळखतही नाहीत.

हैदराबादेत हे विशेषच जाणवते. या शहराभोवती अभ्यासाला सामग्री विपुल आहे. तत्कालीन करीमनगर जिल्ह्यातील मुलकनूरची सहकारी संस्था १९५६ पासून पतपुरवठा आणि विपणन एकत्र सांभाळत आली. जहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने १९८३ पासून दलित स्त्रियांचे संघम उभे केले. आंध्र प्रदेशाने १९९५ मध्ये परस्पर साहाय्यकारी सहकारी संस्थांचा कायदा केला. सरकारी भागभांडवल न घेणाऱ्या संस्थेला आपला कारभार आपणच पाहण्याची मोकळीक त्याने दिली. पुढे इतर काही राज्यांनीही असे कायदे केले. अभ्यासकांचीही वाण नाही. शहरात हैदराबाद विद्यापीठ आहे, राजेंद्रनगरला राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था आहे, बेगमपेठेत आर्थिक व सामाजिक अध्ययन केंद्र आहे. अंतर फार नाही. पण अंतर किलोमीटरमध्येच मोजायचे असते असे थोडेच आहे!

या तुटलेपणाची किंमत काय, हे २०१० च्या सूक्ष्म वित्त संकटावरून समजते. खासगी कंपन्यांची कर्जे, त्यांची आठवड्याची वसुली आणि कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या यांमुळे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आंध्र सरकारने अध्यादेश काढला. गावात एकच स्त्री बचत गटाची सभासद असे, दोन-तीन कंपन्यांची कर्जदार असे आणि सावकाराचीही देणेकरी असे. जो केवळ गटाची नोंदवही पाहतो, त्याला तिचे एकच कर्ज दिसते. कंपनीची कागदपत्रे पाहणाऱ्याला दुसरे. दोघांची टिपणे शेजारी ठेवली तरच तिच्यावरील खरा बोजा कळतो. हे काम मार्गदर्शक प्राध्यापकाकडून होणे कठीण. ते बरोबरीच्या अभ्यासकांतच होते.

दुसरी अडचण भाषेची. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळातील सहकाराचा माग काढणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तारनाक्याच्या अभिलेखागारात जावे लागते आणि तेथील निजामी दप्तर प्रामुख्याने उर्दूत आहे. बचत गटांच्या आजच्या वह्या तेलुगूत. उर्दू वाचणारा, तेलुगू जाणणारा आणि मराठी येणारा असे तिघे एकत्र बसले, तर एकाच्या दोन महिन्यांचे काम आठवड्यात उरकते. गोमंतकीय वाचकाला हे नवे वाटू नये. गावकरीच्या इतिहासावर काम करणाऱ्याला जुन्या पोर्तुगीज कागदांपाशी असेच अडावे लागते. योगायोग असा, की कोमुनिदाद संहिता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा ही दोन्ही १९०४ चीच. तरीही दोहोंकडे एकत्र पाहणारे अभ्यासक विरळ.

असे जाळे उभारायला फारसा खर्च लागत नाही. युरोपात ‘एमेस’ या संशोधन जाळ्याने पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट आणि प्रशिक्षण वर्ग चालवले आहेत. हैदराबादेत आरंभ याहून साधा होऊ शकतो. महिन्यातून एक संध्याकाळ, एकाचे अपुरे प्रकरण, चार-सहा वाचक. कोण कोणत्या गावात काम करतो याची सामायिक यादी ठेवावी, म्हणजे त्याच बायकांना तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारले जाणार नाहीत. मजुरी बुडवून मुलाखतीला बसणाऱ्या स्त्रीचा वेळ फुकट नसतो, हे प्रश्नावली छापताना सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही.

खरी कसोटी मात्र गोपनीयतेची आहे. कर्जाची माहिती त्या स्त्रीने एका संशोधकाला विश्वासाने दिलेली असते. ती गटात वाटून टाकणे हा विश्वासघात ठरेल. म्हणून नावे, गावे आणि आकडे ज्याचे त्याच्यापाशी राहावेत. सामायिक व्हावी ती पद्धत, प्रश्नांची मांडणी आणि चुका. टिपणे जुळवायचीच असतील, तर आधी त्या स्त्रीची संमती हवी. शिवाय प्रबंध संपला की विद्यार्थी शहर सोडतो. चार-पाच वर्षांत सारी पिढी बदलते आणि जाळे विरते. यावर उपाय एकच दिसतो. दरवर्षी दोन नव्या विद्यार्थ्यांनी जुन्यांकडून यादी आणि टिपणवही रीतसर ताब्यात घ्यावी. बचत गटात अध्यक्ष बदलताना वह्यांची पेटी नव्या अध्यक्षीणबाईंकडे जाते, तशीच.