सामना कुणाचा, कॅसेट कुणाची?

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव म्हणून पुष्कळांना ते ठाऊक असतं. आम्हा इकडच्या मंडळींना गणपती म्हटलं की जाखडी आठवते. शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर आले, गण-गवळण आटोपून सवाल-जवाब रंगले, की पहाट कधी होते कळत नाही. आणि पुढच्या रांगेत पूर्वी मांडीवर टेपरेकॉर्डर घेतलेली, आता मोबाइल उंच धरलेली हौशी मंडळी असायचीच!

या टेपचं पुढे काय होतं? एका कॅसेटच्या दहा व्हायच्या, चाकरमान्यांच्या पिशवीतून मुंबईला जायच्या. काही विकल्याही जायच्या. पुण्या-मुंबईच्या शास्त्रीय संगीताच्या रसिकांतही हाच व्यवहार चाले, जरा अदबीनं. तुमच्याकडचे अमीर खाँ द्या, माझ्याकडचे मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. पाश्चात्त्य देशांत अशा चोरट्या मुद्रणाला बूटलेग म्हणतात. बॉब डिलनची अशी एक तबकडी १९६९ मध्ये गाजली. उलट ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदानं १९८४ पासून टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली. अट एकच, विकायचं नाही.

आता आपला कायदा बघू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कवीच्या शब्दांना आणि संगीतकाराच्या चालीला संरक्षण दिलं. गाणाऱ्याला काहीच नाही. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ही उणीव बोलून दाखवली होती. ती भरून निघाली १९९४ च्या दुरुस्तीनं, जी १९९५ मध्ये अमलात आली. तिच्यातली ‘कलावंत’ शब्दाची व्याख्या मला फार आवडते: गायक, वादक, नट यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा! म्हणजे आमचा शाहीर, त्याचे झांजवाले, ढोलकीवाले सगळे त्यात आले. हा हक्क आधी २५ वर्षांचा होता, १९९९ मध्ये ५० वर्षांचा झाला. २००० सालच्या गणपतीतल्या सामन्यावरचा हक्क २०५० च्या अखेरपर्यंत टिकतो.

मग मांडीवर टेप घेऊन बसलेला माणूस गुन्हेगार का? नाही. टेप करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं मुद्रण कायद्याला चालतं. पण ही सवलत टेप करणाऱ्यापुरती आहे. प्रत दुसऱ्याच्या हाती गेली की तिची सावली सुटते, आणि पैसे घेतले की प्रश्नच उरत नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ‘टेप माझी, मशीन माझं, म्हणून हक्क माझा’ हेही खरं नव्हे. मूळ गीताचा हक्क मोडून केलेल्या मुद्रणाला कायदा स्वतंत्र कॉपीराइट देतच नाही.

गंमत अशी, की शाहीर स्वतःही यातून पुरता सुटत नाही. पदं त्याची, पण चाल पुष्कळदा हिंदी सिनेमातली! सामन्यात ती कुणी मनावर घेत नाही; त्याच पदांची कॅसेट बाजारात आणली की मात्र चालीचा मालक जागा होऊ शकतो.

आमच्या भागातल्या एका शाहिरांना मी विचारलं, तुम्हाला राग कशाचा येतो? पैशाचं त्यांनी दुसऱ्या नंबरावर टाकलं. पहिला राग म्हणजे, रात्री घातलेला सवाल कॅसेटवरून दुसऱ्या गावच्या प्रतिस्पर्ध्याकडे पोचतो, आणि पुढच्या सामन्यात तो उत्तर पाठ करूनच उभा राहतो. महिनाभर पोथ्या चाळून शोधलेला सवाल दोन दिवसांत शिळा! शिवाय घसा बसलेल्या रात्रीचं गाणंही वर्षानुवर्षं फिरत राहतं. कायद्यात ही दुसरी तक्रार आहे. आपल्या गाण्याची मोडतोड करून लौकिकाला धक्का लावण्याविरुद्धचा हक्क २०१२ मध्ये आला, पण बसलेला घसा जसाच्या तसा ऐकवणं त्यात बसेल, असं मला वाटत नाही.

दुसरी बाजूही आहे. गेलेल्या कितीतरी शाहिरांचा आवाज आज फक्त या घरगुती कॅसेटवर उरला आहे. आकाशवाणीकडे सगळेच पोचले नाहीत, कंपन्यांनी सगळ्यांना बोलावलं नाही. चोरून टेप करणाऱ्यानंच तो आवाज राखला, हे नाकारून कसं चालेल?

म्हणून माझं मत असं: सामन्याआधी शाहिराला विचारावं. सवाल-जवाब त्या हंगामात बाहेर देऊ नयेत. विकायचं असेल तर लेखी परवानगी आणि त्याचा वाटा हवा. शाहीर गेला असेल तर पहिली प्रत त्याच्या घरी द्यावी, कारण त्याच्या पदांवर वारसांचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आणि हे लवकर करायला हवं. आमच्याकडच्या पावसाळ्यात फडताळातल्या कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, आणि एकमेकींना चिकटलेली फीत मशीनमध्ये घातली की तुटते.