‘फॅरनहाइट ४५१’ : पात्रे, आशयसूत्रे आणि मराठी वाचकाचा अनुभव

प्रस्तावना

आदर्श समाजाचे कल्पनाचित्र रेखाटणाऱ्या साहित्याला ‘युटोपिया’ म्हणतात. त्याउलट, वर्तमान समाजातील एखादा दोष पराकोटीला गेल्यास काय घडेल याचे भयचित्र उभे करणारे साहित्य ‘डिस्टोपिया’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फॅरनहाइट ४५१’ ही या प्रकारातील एक महत्त्वाची कादंबरी होय. ज्या तापमानाला पुस्तकाचा कागद पेट घेतो असे कादंबरीत मानले आहे, तेच तिचे शीर्षक आहे. जर्मनीत १० मे १९३३ रोजी झालेली ग्रंथांची जाहीर होळी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लेखक-कलावंतांवर घेतला गेलेला साम्यवादाचा संशय, ही तिची पार्श्वभूमी आहे.

जुलमी शासनाविरुद्धची कादंबरी म्हणून तिचा परिचय बहुधा करून दिला जातो. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. पुस्तके जाळली जाण्यापूर्वी समाजाने ती वाचणे सोडलेले असते, हे या कादंबरीचे मध्यवर्ती सूत्र आहे. प्रमुख पात्रांच्या आधारे हे सूत्र स्पष्ट करणे आणि मराठी साहित्यव्यवहारातील काही घटनांच्या संदर्भात ते तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पात्रचित्रण

कादंबरीतील घरे आगीपासून सुरक्षित केलेली आहेत. त्यामुळे अग्निशामक दलाकडे आता पुस्तके दडवून ठेवणाऱ्यांची घरे जाळण्याचे काम आले आहे. गाय मॉन्टॅग हा नायक दहा वर्षे हे काम आनंदाने करीत आला आहे. शेजारी राहावयास आलेली सतरा वर्षांची क्लॅरिस त्याला, तो सुखी आहे काय, असे सहज विचारते आणि त्याच्या मनाची घडी विस्कटते. पुढे एक वृद्ध स्त्री आपली पुस्तके सोडून बाहेर पडण्याचे नाकारते व स्वतःच काडी ओढून त्यांच्यासह जळून जाते. ज्यासाठी माणूस प्राण देतो त्यात काहीतरी असले पाहिजे, या जाणिवेतून मॉन्टॅग वाचनाकडे वळतो. तो जन्मजात बंडखोर नाही. व्यवस्थेचाच एक सेवक हळूहळू जागा होतो, हे त्याच्या व्यक्तिरेखेचे मर्म आहे.

त्याची पत्नी मिल्ड्रेड हिच्यावर कोणीही जुलूम केलेला नाही. तिच्या दिवाणखान्याच्या तीन भिंतींवर दूरचित्रवाणीचे पडदे आहेत आणि चौथ्या भिंतीचा तिला ध्यास आहे. रात्रंदिवस कानात ध्वनियंत्र असते. झोपेच्या गोळ्या अतिप्रमाणात घेतल्याचे दुसऱ्या दिवशी तिला आठवतही नाही. अखेरीस नवऱ्याविरुद्ध तक्रार तीच करते. ज्या समाजाला ग्रंथबंदी जाणवतच नाही, त्याची मिल्ड्रेड ही प्रतिनिधी आहे.

सर्वांत गुंतागुंतीचे पात्र कॅप्टन बीटी याचे आहे. पुस्तके जाळणाऱ्या दलाचा हा प्रमुख स्वतः बहुश्रुत असून ग्रंथांतील वचनांचा तो शस्त्रासारखा वापर करतो. या बंदीचा इतिहास तो मॉन्टॅगला सांगतो. त्याच्या मते सुरुवात शासनाने केली नाही. जीवनाचा वेग वाढला, ग्रंथांचे सारांश झाले, सारांशांच्या चार ओळी झाल्या. प्रत्येक समूहाला कोणते ना कोणते पुस्तक खुपू लागले आणि कोणाचेच मन दुखावू नये म्हणून सर्वच पुस्तके नकोशी झाली. शासनाने शेवटी फक्त काडी लावली. बीटीचे समर्थन स्वार्थी आहे. परंतु त्याचे निदान वाचकाला सहज झटकून टाकता येत नाही.

निवृत्त प्राध्यापक फेबर या निदानाची दुसरी बाजू मांडतो. त्याच्या मते समाजाला तीन गोष्टी हव्यात : जीवनाचा सूक्ष्म तपशील देणारा कसदार मजकूर, तो पचविण्यासाठी सवड आणि त्यातून उमगलेल्या गोष्टींनुसार कृती करण्याचे स्वातंत्र्य. मात्र प्रतिकाराची वेळ आली तेव्हा आपण गप्प राहिलो, ही खंत त्याला आहे. सुशिक्षितांच्या मौनाची जबाबदारी लेखकाने या पात्रावर ठेवली आहे.

नियंत्रणाची दोन रूपे

मराठी साहित्यव्यवहारात नियंत्रणाची दोन्ही रूपे आढळतात. पहिले रूप सत्तेकडून येणारे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७ मधील नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. आणीबाणीच्या काळात (१९७५ ते १९७७) वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. त्याच काळात, १९७५ मध्ये, कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा जाहीर पुरस्कार केला. पुढे त्यांना अटकही झाली. फेबरने जे केले नाही, ते दुर्गाबाईंनी केले.

दुसरे रूप समाजातून उगवते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला १९७२ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अनेक काटछाटी सुचविल्या. दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि प्रयोगाचा मार्ग मोकळा झाला. तरीही समाजातील विरोध शमला नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला, तेव्हा ज्या पुस्तकाविषयी रोष होता ते या संस्थेने लिहिलेले नव्हते. हानी मात्र तेथील ग्रंथांची व हस्तलिखितांची झाली. भावना दुखावणे खोटे असते असे नाही. परंतु न वाचता दिलेला निर्णय कोठवर जातो, हे बीटीचे विवेचन वाचताना आठवल्यावाचून राहत नाही.

खुद्द या कादंबरीच्या वाट्यालाही असेच प्राक्तन आले. १९६७ पासून निघालेल्या तिच्या शालेय आवृत्तीत प्रकाशकाने लेखकाला न कळविता अनेक ठिकाणी शब्द बदलले होते. १९७९ मध्ये हे ब्रॅडबरींच्या लक्षात आले व मूळ संहिता पुन्हा प्रसिद्ध झाली. तेथे बंदीचा हुकूम कोणीच काढला नव्हता.

स्मृती हेच ग्रंथालय

कादंबरीच्या अखेरीस मॉन्टॅग नदी ओलांडून ग्रेंजरच्या गटात सामील होतो. या गटातील प्रत्येकाने एकेक ग्रंथ वा त्याचा भाग मुखोद्गत केला आहे. अणुयुद्धात शहर क्षणार्धात नष्ट होते आणि ही माणसे स्मृतीतील ग्रंथ घेऊन तिकडे चालू लागतात.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या व पुन्हा वर आल्या, ही कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. अभंग लोकांच्या मुखी तरले होते, असा तिचा अर्थ अनेकांनी लावला आहे. हिंगोली जिल्ह्यात, सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला तर नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे गाव जवळचेच आहे. चौदाव्या शतकात नामदेवांनी देह ठेवला. १६०४ मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा नामदेवांच्या नावाची पदे त्यात समाविष्ट होती. आजच्या गुरू ग्रंथसाहिबात ती ६१ आहेत. एवढा काळ आणि एवढे अंतर ती प्रामुख्याने गाणाऱ्यांच्या आधारे ओलांडून गेली.

तथापि येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ग्रेंजरची माणसे स्वतःला ग्रंथांची केवळ वेष्टने समजतात. योग्य काळ येईपर्यंत मजकूर सांभाळणे हेच त्यांचे कार्य. भजन-कीर्तनाची परंपरा मात्र केवळ साठवण करीत नाही. तेथे अभंग चारचौघांत गायिला जातो, त्याचे निरूपण होते आणि आचरणाशी त्याचा पडताळा पाहिला जातो. मजकूर, सवड आणि कृती ही फेबरची तिन्ही सूत्रे तेथे, निदान आदर्श म्हणून, एकत्र येतात.

निष्कर्ष

मिल्ड्रेड, बीटी, फेबर व ग्रेंजर ही ग्रंथांविषयीच्या चार भूमिकांची रूपे आहेत : उदासीनता, जाणतेपणाने केलेला द्रोह, भीतीपोटी धरलेले मौन आणि जतन. मॉन्टॅग या चारही भूमिकांच्या सान्निध्यातून जातो. सत्तेच्या बंदीविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. आपण होऊन मिटलेल्या पुस्तकासाठी मात्र दाद मागण्यास कोणतेही न्यायालय नाही. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील कपाटे उघडी असूनही त्यांतील पुस्तकांना हात लागत नसेल, तर ती जाळण्यासाठी कोणालाही यावे लागणार नाही. ही कादंबरी अभ्यासक्रमात शिकविताना शासनाच्या जुलमाबरोबरच वाचकाच्या या जबाबदारीची चर्चा होणे आवश्यक आहे.