बारी बारा सेकंदांची, धंदा बारा महिन्यांचा

जुन्नर, आंबेगाव, खेड भागातल्या तरुण मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, शर्यती आता कायद्यानं सुरू झाल्यात. गर्दी तुफान आहे. बैल घेऊ का? की घाटावर दुसरा काही धंदा टाकू?"

प्रश्न चांगला आहे. पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढं सोपं नाही. आज आपण बैलगाडा घाटाकडे शौकीन म्हणून न बघता हातात वही घेऊन, धंदेवाल्याच्या नजरेनं बघणार आहोत. पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि टिकतो कोणाकडे, ते शोधू.

आधी खेळ समजून घ्या

आपल्याकडची शर्यत सांगली-साताऱ्याकडच्या शर्यतीसारखी नाही. तिकडे गाड्या शेजारी-शेजारी पळतात. आपल्याकडे घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. गाड्याला एक जोडी, तिच्या पुढे दुसरी जोडी आणि सगळ्यात पुढे घोडी. चढाची सरळ धावपट्टी, वर निशाण, हातात घड्याळ. गाडा किती सेकंदांत आला त्यावर नंबर ठरतो. या एका धावेला आपण 'बारी' म्हणतो.

अमेरिकेत ड्रॅग रेसिंग नावाचा मोटारींचा खेळ आहे. तिथेही सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली वेळ. तिथल्या जुन्या गाड्या आजही शनिवार-रविवारच्या प्रदर्शनांत पळवल्या जातात. त्या खेळातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९६० च्या दशकात तिथले नावाजलेले गाडीवाले बक्षिसावर अवलंबून नव्हते. 'आमच्या ट्रॅकवर या, गाडी पळवा' म्हणून आयोजक त्यांना ठरलेली रक्कम द्यायचे. जिंको वा हरो, पैसे पक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर सुपारी!

हा फरक मनात कोरून ठेवा. बक्षीस हे नशीब आहे, सुपारी हा धंदा आहे.

बैल घेतला तर? चला, हिशेब मांडू

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे टाकून तुम्ही पुन्हा मांडा.

समजा, तुम्ही एक जोडी सांभाळता. पेंड, हरभरा, उडीद, दूध, अंडी, वैरण असा खुराक धरला तर एका बैलाला दिवसाला ३०० रुपये. वर्षाचे झाले १,०९,५००. दोन बैलांचे २,१९,०००. वर्षात २० ठिकाणी गेलात आणि पिकअपचं भाडं, पोरांचं जेवणखाण मिळून दर खेपेला ४,००० लागले, तर ८०,०००. एकूण २,९९,०००. यात बैलांची किंमत, डॉक्टर, गोठा आणि तुमची स्वतःची मेहनत धरलेलीच नाही.

आता येणारी बाजू. आपल्याकडे एका नंबरात अनेक गाडे येतात. ठरलेल्या सेकंदांच्या आत जेवढे आले, तेवढे सगळे पहिल्या नंबरात, आणि बक्षीस त्यांच्यात वाटलं जातं. समजा पहिल्या नंबराला १ लाख आहे आणि १० गाडे आले. एका गाड्याला १०,०००. त्या गाड्यात पुढची जोडी तुमची आणि मागची पाहुण्यांची असेल, तर तुमच्या हातात ५,०००.

म्हणजे नुसता चालू खर्च भागवायला जवळपास ६० वेळा पहिल्या नंबरात यावं लागेल. आणि तुम्ही जाणार आहात २० ठिकाणी!

मग लोक बैल का ठेवतात? मान, घराण्याची परंपरा, जिवाभावाचं नातं. यात काही चूक नाही. बाप-आज्यापासून दावणीला खिलार बैल असलेल्या घराला हा हिशेब दाखवायची गरजही नाही, त्यांना तो पाठ असतो. पण शौक शौकाच्या पैशानं करावा, कर्जाच्या पैशानं नाही.

एक अपवाद सांगतो. खोंड पारखून घेणं, त्याला तयार करणं आणि नाव झाल्यावर विकणं, हा खरा धंदा आहे. बेल्ह्याचा बैलबाजार असो की चाकणचा जनावरांचा बाजार, तिथे जनावर ओळखणाऱ्या नजरेला किंमत आहे. पण ती नजर यायला वर्षं लागतात. आणि खोंडाचा पाय दुखावला तर भांडवलच लंगडं होतं. ज्याला नजर आहे त्यानंच या वाटेला जावं.

मग पैसा टिकतो कुणाकडे?

घाटाच्या कडेला उभे राहा आणि बैलांकडे पाठ करून बघा. मांडव, स्पीकर, जनरेटर, वेळ दाखवणारा मोठा स्क्रीन, मोबाईलवर शर्यत दाखवणारे कॅमेरावाले, पाण्याचे जार, वडापाव, भेळ, उसाचा रस, फेटेवाले, ट्रॉफीवाले, फ्लेक्सवाले, झूल आणि घुंगरमाळा विकणारे, बैल वाहून आणणारे पिकअपवाले. यांतल्या कुणालाही गाडा किती सेकंदांत आला याच्याशी देणंघेणं नाही. बारी हुकली तरी चहा विकला जातोच.

यातला एक धंदा उदाहरणादाखल घेऊ. घाटावरून थेट व्हिडिओ दाखवणं. आपल्या भागातली हजारो माणसं नोकरीसाठी मुंबईत, पिंपरी-चिंचवडला आहेत. गावची जत्रा त्यांना चुकवायची नसते, पण रजा मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

समजा कॅमेरे, लॅपटॉप, स्टँड आणि बाकी साहित्य मिळून १,८०,००० लागले. दिवसाची सुपारी १५,०००. दोन मुलांची मजुरी, प्रवास, जेवण, इंटरनेट मिळून खर्च ५,०००. उरले १०,०००. म्हणजे १८ दिवस काम मिळालं की भांडवल सुटलं. हंगामात २५ दिवस मिळाले तर ७०,००० वर.

ऐकायला छान वाटतंय ना? थांबा.

हंगाम अचानक बंद पडला तर?

हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. तारखा नीट वाचा.

२०११ मध्ये केंद्र सरकारनं बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला.

साडेसात वर्षं! ज्याचा धंदा फक्त घाटावर उभा होता, त्यानं एवढा काळ काय खाल्लं असेल?

बरं, परवानगी मिळाल्यावर तरी सगळं सुरळीत झालं का? आंबेगाव तालुक्यात लांडेवाडीला १ जानेवारी २०२२ ची शर्यत जाहीर झाली होती. तयारी पूर्ण झालेली. कोरोनाचे रुग्ण वाढले आणि ऐनवेळी परवानगी रद्द झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लम्पी आजार पसरला आणि जनावरांचे बाजार, शर्यती यांच्यावर पुन्हा बंधनं आली.

म्हणजे धोका एक नाही, तीन आहेत: न्यायालय, साथ आणि प्रशासनाची परवानगी. तिन्ही तुमच्या हातात नाहीत. वरच्या उदाहरणात २५ ऐवजी १२ दिवसच काम मिळालं तर १,२०,००० उरतील आणि ६०,००० अंगावर राहतील.

मग उपाय काय? तीन नियम

पहिला नियम: ज्या वस्तूला दुसरं काम आहे, तीच विकत घ्या. कॅमेरा लग्नात चालतो, कीर्तन महोत्सवात चालतो, शाळेच्या गॅदरिंगला चालतो. जनरेटरही चालतो. पण फक्त घाटावरच चालेल अशी वस्तू पहिल्या वर्षी भाड्यानं आणा. विकत घेण्याआधी स्वतःला विचारा, "उद्या शर्यत बंद झाली, तर ही वस्तू परवा कुठे कमावेल?" उत्तर नसेल तर पाकीट परत खिशात.

दुसरा नियम: नारायणगावकडून शिका. विठाबाईंच्या नारायणगावला तमाशाची पंढरी का म्हणतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पण धंद्याच्या नजरेनं ते बघितलंय का? गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, बसतात, बोलतात, सुपारी ठरवतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. ज्या तिथीला जास्त गावांच्या जत्रा, त्या तिथीची सुपारी महाग. मागणी-पुरवठ्याचा धडा शिकायला कॉलेजात जायची गरज नाही!

तुम्हीही तेच करा. जत्रांचं कॅलेंडर बनवा. थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा, मग माघ, चैत्र, वैशाखातल्या गावजत्रा. तिथीप्रमाणे तारखा मांडा. कुठल्या दिवशी चार गावांची जत्रा एकत्र आहे आणि कुठला आठवडा रिकामा आहे, ते दिसेल. हंगाम सुरू व्हायच्या दोन महिने आधी यात्रा कमिटीला भेटा. गर्दीच्या तिथीला दर वाढवा, रिकाम्या दिवसाला सवलत द्या.

तिसरा नियम: इसार आणि लेखी कागद. आपल्याकडे 'दादा, आपलंच गाव आहे, बघू नंतर' यात निम्मा धंदा बुडतो. नातं ठेवा, पण कागदही ठेवा. एका पानावर चार ओळी पुरतात:

१. तारीख, ठिकाण, काम आणि ठरलेली रक्कम.
२. इसार किती आणि उरलेली रक्कम कधी.
३. परवानगी रद्द झाली तर: आधी कळवलं तर इसार पुढच्या तारखेला वळता, आदल्या दिवशी कळलं तर प्रत्यक्ष झालेला खर्च वजा.
४. कमिटीतल्या दोन माणसांच्या सह्या.

लांडेवाडीसारखी वेळ आली तर भांडण होत नाही. कारण काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं.

परवानगीचा कागद बघितल्याशिवाय गाडी भरू नका

शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती आयोजकानं काढायची असते, पण तिची प्रत तुम्ही मागून घ्या आणि अटी वाचा. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक किंवा विजेच्या झटक्याला बंदी, प्रेक्षकांची सुरक्षा, हे सगळं त्यात येतं. दुरुस्ती कायद्यात बैलाला इजा करणाऱ्यासाठी ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर चहावाले, आम्हाला काय?" बघा, शर्यत बंद झाली होती ती बैलांच्या छळाच्या मुद्द्यावरून. एका घाटावर कुणी बैलाला मारलं आणि ते चित्रीकरण न्यायालयात गेलं, तर फटका सगळ्या घाटांना बसेल. बैल सुखात तर घाट सुरू, आणि घाट सुरू तर तुमचा गल्ला सुरू. विनापरवाना शर्यतीची सुपारी कितीही मोठी असली तरी घेऊ नका.

ज्यांच्या दावणीला आधीच बैल आहे, त्यांच्यासाठी

जुन्नरला २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. शनिवार-रविवारी शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट बघायला पुण्या-मुंबईची कुटुंबं येतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. त्या शहरातल्या पोरांनी खिलार बैल हाताच्या अंतरावरून कधी बघितलेला नसतो.

त्यांना बैल पळवून दाखवायचा नाही. पळवायचा म्हटलं की परवानगी आली. त्यांना दावण दाखवा. बैलाचा खुराक कसा करतात, शिंगं कशी साळतात, गाडा कशाचा बनतो, सेकंद कसे मोजतात, ते आजोबांच्या तोंडून ऐकवा. सोबत पिठलं-भाकरी, मासवडी. माणशी ठरलेला दर. यात जिंकणं-हरणं नाही. अमेरिकेतल्या त्या जुन्या गाडीवाल्यांसारखं, बघायला आलेला माणूस पैसे देतो. आणि म्हातारा झालेला, घाटातून निवृत्त झालेला बैलही घराला हातभार लावतो. हौशीचा खर्च पूर्ण निघेल असं मी म्हणत नाही, पण खुराकाचा काही भाग नक्की निघू शकतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्यापासून ३० किलोमीटरच्या आतल्या २० गावजत्रांची तिथीवार यादी करा.
२. एका घाटावर दिवसभर उभे राहा. काहीही विकू नका. लोक कशासाठी रांग लावतात आणि काय मिळत नाही म्हणून चिडतात, ते लिहा.
३. त्यातली एकच गरज निवडा आणि वरच्यासारखा हिशेब मांडा. एकदा २५ दिवस धरून, एकदा १२ दिवस धरून.
४. १२ दिवसांच्या हिशेबातही तुम्ही उपाशी राहत नसाल, तरच इसार द्या.

घाटात वेग बैलाचा बघतात. धंद्यात दम बघतात, आणि तो दम वहीतल्या आकड्यांतून येतो. वही आजच काढा. भेटू पुढच्या भागात!