इलेक्ट्रॉनिक ड्रमकडून वादकांच्या अपेक्षा

ड्रम हें वाद्य मुळांतच मोकळ्या जागेचें. पलटणीचा बँड, मिरवणूक, नाट्यगृह येथें त्याचा आवाज शोभतो. शहरांतील बिऱ्हाडांत मात्र तोच आवाज शेजाऱ्यांच्या झोपेचा शत्रु ठरतो. ही अडचण दूर करण्याचें काम इलेक्ट्रॉनिक ड्रमनें पत्करलें. वादकानें कानांस हेडफोन लावावा, मनसोक्त वाजवावें, आणि पलीकडच्या खोलींतील माणसास केवळ हलकी टकटक ऐकूं यावी, अशी ही योजना आहे. परंतु एवढ्यानें वादकाचें समाधान झालेलें नाहीं. त्याचें मागणें काय आहे व तें पुरविणें कठीण कां जातें, हें समजून घेण्यासारखें आहे.

ह्या वाद्याची रचना तत्त्वतः साधी आहे. पॅडवर काठी पडली म्हणजे आंत बसविलेल्या पातळ चकतीवर दाब येतो व तींत क्षणमात्र वीज उत्पन्न होते. दाबापासून वीज निर्माण होण्याचा हा गुणधर्म क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं स्फटिकांत दाखवून दिला होता. त्या विजेची लाट किती उंच उठली हें मॉड्यूल नांवाची पेटी मोजते, आणि तिला अनुरूप असा सांठवून ठेवलेला आवाज ऐकविते. म्हणजे येथें आवाज देणारा भाग निराळा आणि टोला ‘ऐकणारा’ भाग निराळा. वादकांच्या बहुतेक तक्रारी ह्या ऐकणाऱ्या भागासंबंधीं आहेत.

पहिली मागणी स्पर्शाची होती. इंग्लंडमधील सिमन्स कंपनीनें १९८१ सालीं षट्कोनी पॅडांचा संच विक्रीस आणला. तो आवाजानें व रूपानें लोकप्रिय झाला. पण पृष्ठभाग कठीण प्लॅस्टिकचा असल्यानें टोल्याचा हिसका सरळ मनगटांत जाई व वादकांचे हात दुखूं लागत. पुढें १९९७ सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें ताणलेल्या जाळीची पुडी असलेलीं पॅडें आणलीं. ही जाळी कमी-अधिक ताणतां येते, काठी तीवरून सहज उसळते, आणि टोल्याचा खटकाही मंद होतो. ही मागणी बऱ्याच अंशीं पुरी झाली.

दुसरी मागणी अधिक सूक्ष्म आहे. तबल्याच्या चाटेवर, लवेवर आणि शाईवर बोट पडलें असतां निरनिराळे नाद निघतात, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. स्नेअर ड्रमही मध्यावर एक बोलतो, कडेजवळ दुसरें. अनेक पॅडांत मात्र चकती एकच, आणि तीही मध्यभागीं. त्यामुळें मध्यावरचा टोला अवास्तव मोठा उमटतो. रोलंडनें २०१६ सालीं स्नेअर-पॅडांत अनेक चकत्या बसवून टोल्याची जागा अधिक नेमकी ओळखण्याची सोय केली. परंतु असलीं पॅडें महाग पडतात. तारांचा ब्रश पुडीवर फिरवून निघणारी सळसळ तर टोल्याची वाट पाहणाऱ्या चकतीस बहुधा ऐकूंच येत नाहीं.

हाय-हॅटची गोष्ट अशीच. पायानें उघडझांप होणाऱ्या ह्या दोन झांजांना पूर्ण मिटलेल्या व पूर्ण उघड्या स्थितींच्या दरम्यान असंख्य पायऱ्या असतात. स्वस्त संचांत त्यांपैकीं दोनतीनच शिल्लक राहतात. टोल्याच्या जोराचेंही तसेंच. विद्युत्‌ वाद्यांच्या परस्पर संभाषणासाठीं १९८३ सालीं ठरलेल्या ‘मिडी’ पद्धतींत त्याच्या १२७ पायऱ्या आहेत. २०२० सालच्या सुधारित पद्धतीनें ही संख्या ६५,५३६ वर नेली. तथापि चकतीनेंच फरक टिपला नाहीं, तर पायऱ्या वाढवून उपयोग काय?

तिसरी मागणी वेळेची. हवेंत ध्वनि सेकंदाच्या एक सहस्रांशांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून खऱ्या स्नेअरचा नादही कानाशीं पोहोंचण्यास दोन सहस्रांश घेतो. तेवढा उशीर कोणास जाणवत नाहीं. दहाच्या पुढें मात्र हात आणि कान यांचा मेळ सुटूं लागतो. पेंच असा कीं, लाटेचा माथा दिसेपर्यंत मॉड्यूलला थांबावें लागतें. घाई केली तर जोराचा अंदाज चुकतो. अंदाज नेमका हवा तर उशीर होतो.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. बास ड्रमच्या पायपट्टीचा धक्का हवेंतून न जातां चौकटींतून जमिनींत उतरतो व खालच्या मजल्यावर धमधम ऐकूं येते. कित्येक वादक दोन फळ्यांमध्यें टेनिसचे चेंडू बसवून त्यावर संच मांडतात. हा उपाय कारखान्यांतूनच तयार होऊन यावा, अशी त्यांची इच्छा आहे.

जाहिरातींत मांत्र शेंकडों आवाजांचा साठा मिरविला जातो, कारण साठा वाढविणें सोपें आहे. परंतु विद्यार्थ्याचा हात वाद्यच घडवितें. मुख्य ठोक्यांच्या मधून पेरलेले अस्फुट ठोके जें वाद्य ऐकत नाहीं, त्यावर शिकणारा मुलगा ते वाजविण्याचें सोडून देतो, आणि पुढें खऱ्या ड्रमसमोर बसल्यावर त्याचा हात मुका ठरतो. म्हणून घरीं संच आणतांना मोठ्या टोल्यानें त्याची परीक्षा करूं नये. काठी केवळ टेंकवावी, कडेजवळ न्यावी, पाय अर्धवट उचलावा. आणि वाद्य काय ऐकतें तें पाहावें.