कोणास खेळवावें?

अमरावती मार्गानें नागपूरच्या पश्चिमेस निघालें म्हणजे आमची वाडी लागते. मालमोटारी, गोदामें आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणींत काम करणारीं कुटुंबें, ही तिची ओळख. क्रिकेटचें मोठें मैदान येथें नाहीं; तें वर्धा मार्गावर जामठ्यास आहे. तथापि संघ निवडण्याचें काम वाडींत बारमाही चालतें. सायंकाळीं चहाच्या टपरीपुढील बाकावर चार माणसें बसलीं कीं अकरा नांवें ठरतात, आणि पांचवा मनुष्य आला कीं तीं मोडतात. आमचे विद्यार्थी त्याच बाकाजवळून घरीं जातात. तेव्हां तो वाद दुसऱ्या दिवशीं वर्गांत येतो, यांत नवल नाहीं.

२०२५ च्या पावसाळ्यांत शाळा उघडली त्याच सुमारास भारताचा संघ इंग्लंडमध्यें खेळत होता, आणि वर्गाचे दोन तट पडले. वादाचा विषय होता करुण नायर. एका पक्षाचें म्हणणें, विदर्भास रणजी करंडक मिळवून देण्यांत ज्याचा एवढा वाटा, त्याला दोन-चार अपयशांवरून काढणें हा कृतघ्नपणा होय. दुसरा पक्ष म्हणे, करंडक मार्चमध्यें मिळाला. आतां जुलै आहे. या दुसऱ्या पक्षाचा एक मुलगा वादाच्या भरांत पुस्तकी भाषा विसरून म्हणाला, "सर, त्याले आखीन किती चान्स द्याचे?" प्रश्न उद्धट नव्हता. किंबहुना निवडसमितीच्या प्रत्येक विचारी सभासदास तोच प्रश्न पडत असला पाहिजे. त्या तासाला मीं भूगोल शिकविला. उत्तर येथें देण्याचा प्रयत्न करितों.

प्रथम फलंदाजीच्या क्रमाविषयीं. पुष्कळ पालकांची समजूत असते कीं, उत्तम फलंदाज आधीं व कच्चे शेवटीं, एवढाच हा हिशेब आहे. तो इतका सोपा नाहीं. नवा चेंडू कठीण व चकचकीत असतो, त्याची शिवण उठावदार असते. त्यामुळें तो हवेंत वळतो आणि टप्पा पडल्यावर भलतीच दिशा घेतो. चाळीस-पन्नास षटकें मार खाल्ल्यावर तोच चेंडू मऊ पडतो, त्याची कांति जाते आणि फिरकी गोलंदाज पुढें येतात. मोठ्या सामन्यांत ८० षटकांनंतर पुन्हां नवा चेंडू घेण्याची मुभा असते. तेव्हां सलामीस जाणारा आणि पांचव्या क्रमांकावर जाणारा हे दोघे एकच खेळ खेळतात असें म्हणतां येत नाहीं. पहिल्याला मोहक वाटणारा चेंडू सोडून देण्याचा संयम हवा. दुसऱ्याला फिरकीपुढें पाय वापरण्याची चपळाई हवी. तिसऱ्या क्रमांकाचा तर धंदाच विचित्र! दुसऱ्याच चेंडूला मैदानांत जावें लागेल, कीं दुपारीं जेवण झाल्यावर, हें त्याला ठाऊक नसतें. तो पायांना पॅड बांधून नुसता वाट पाहतो. म्हणून एका जागीं चमकलेला मनुष्य दुसऱ्या जागीं चमकेलच, अशी खात्री कोणी देऊं नये.

हा क्रम मुद्दाम उलटा केल्याचें प्रसिद्ध उदाहरण मेलबर्नचें आहे. १९३७ च्या जानेवारींत इंग्लंडविरुद्धच्या कसोटींत पाऊस पडून खेळपट्टी इतकी बिघडली कीं, चेंडू कोठें उडेल याचा नेम राहिला नाहीं. तेव्हां ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन यानें ओरायली व फ्लीटवुड-स्मिथ या दोघां गोलंदाजांना सलामीस पाठविलें, आणि आपण खेळपट्टी वाळण्याची वाट पाहत मागें राहिला. सातव्या क्रमांकावर जाऊन त्यानें २७० धांवा केल्या.

जामठ्यासहि असाच एक डाव टाकला गेला. २६ फेब्रुवारी २०२५ रोजीं केरळविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. विदर्भानें अथर्व तायडे या सलामीच्या फलंदाजास वगळून पार्थ रेखडे या फिरकी गोलंदाजास सलामीस धाडलें, आणि तिसऱ्या क्रमांकावर दर्शन नळकांडे या मध्यमगती गोलंदाजास. रेखडे शून्यावर बाद झाला, नळकांडे एका धांवेवर. पाहतां पाहतां ३ बाद २४. टपरीवरचें मंडळ त्या सकाळीं काय म्हणालें तें छापण्याजोगें नाहीं. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनीं २१५ धांवांची भागी केली. मालेवारच्या १५३ झाल्या. नायर ८६ वर धांवबाद झाला. विदर्भाच्या ३७९ ला उत्तर देतांना केरळचा डाव ३४२ वर आटोपला, आणि त्यांत रेखडे व नळकांडे यांनीं प्रत्येकीं तीन बळी घेतले. सामना अनिर्णीत राहिला. परंतु पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर विदर्भानें तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

आतां तो डाव चुकला कीं साधला? सलामीचा प्रयोग फसला, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु ज्यांना आपण सकाळीं नांवें ठेविलीं त्याच दोघांच्या सहा बळींनीं ती आघाडी राखली. अकरा जण निवडतांना बॅटीचा जमाखर्च आणि चेंडूचा जमाखर्च एकाच वहींत मांडावा लागतो, हें आपण बाकावर बसलेले लोक सहसा विसरतों.

याहून अवघड प्रश्न हरपलेल्या सुराचा. गोलंदाजाचा एक चेंडू वाईट पडला तर दुसरा टाकतां येतो. फलंदाजाची एक चूक झाली कीं त्याचा दिवस संपला. ब्रॅडमनची कसोटींतील सरासरी ९९.९४ होती, तरी ८० डावांत तो सात वेळां शून्यावर बाद झाला. इतकेंच नव्हे, तर १९२८ सालीं पहिल्या कसोटींत १८ व १ धांव केल्यावर त्याला पुढच्या सामन्यांतून वगळण्यांत आलें होतें. त्यानंतरच्या सामन्यांत परत घेतला तेव्हां त्यानें ७९ व ११२ धांवा केल्या. नाणें चार वेळां ओळीनें एकाच बाजूस पडलें म्हणून आपण तें खोटें ठरवीत नाहीं. फलंदाजाला मात्र तीन डावांत खोटा ठरवितों.

पण प्रत्येक अपयश दैवाचें असतें, असेंहि नाहीं. एखाद्याचें डोकें चेंडू खेळतांना एका बाजूस कलूं लागतें, पाऊल टप्प्यापर्यंत पोहोंचत नाहीं, किंवा घरीं आजारपण असल्यामुळें रात्रीची झोप लागत नाहीं. म्हणून पाहणारानें धांवा मोजण्यापेक्षां तो कसा बाद होतो तें पाहावें. निरनिराळ्या प्रकारें बाद होणाऱ्यास बहुधा थोडी वाट पाहिल्यानें गुण येतो. एकाच प्रकारें पुनःपुन्हां बाद होणाऱ्याच्या खेळांत कोठें तरी तसाच एक दोष दडलेला असतो, आणि तो शोधावाच लागतो.

हें ज्ञान मला उशिरां झालें. कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या संघाची जबाबदारी माझ्याकडे असतां तिसऱ्या क्रमांकावर खेळणारा आठवींतला एक मुलगा तीन सामन्यांत मिळून दोन धांवा करूं शकला. तिन्ही वेळां जलद चेंडूवर त्रिफळा उडाला. मीं यादींतून त्याचें नांव काढलें. तो कांहीं बोलला नाहीं. पुढच्या सामन्यास पाण्याची बादली घेऊन आला. महिन्याभरानें शाळेंत डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हां डॉक्टरांच्या तक्त्यावरील खालच्या चार ओळी त्याला वाचतां आल्या नाहींत. त्याची आई मला म्हणाली, "सर, फळ्यावरचं तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा." तीन वेळां एकाच प्रकारें बाद झालेल्या मुलास मीं एकदांहि विचारलें नव्हतें कीं, बाळा, तुला चेंडू दिसतो ना? दोरीनें बांधलेला चष्मा लावून तो पांचव्या क्रमांकावर परत आला आणि त्यानें चौदा धांवा केल्या. त्या मीं आजहि विसरलों नाहीं.

मोठ्या खेळाडूच्या बाबतींत धीर धरल्याचें फळ पाहावयाचें तर १९७१ चा वेस्ट इंडीजचा दौरा पाहावा. मडगांवचे दिलीप सरदेसाई त्या वेळीं तिशींत होते. भारतीय संघांतील त्यांची जागा गेली होती, आणि त्यांस दौऱ्यावर न्यावें कीं नाहीं याविषयीं पुष्कळांना शंका होती. नवे कर्णधार अजित वाडेकर यांचा आग्रह मात्र सरदेसाईंसाठीं होता. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटींत बोटाच्या दुखण्यामुळें सुनील गावसकर खेळूं शकले नाहींत, आणि भारताचे ७५ धांवांत पांच गडी बाद झाले. तेथून सरदेसाईंनीं एकनाथ सोलकरांसह १३७ धांवांची भागी केली आणि स्वतः २१२ धांवा काढल्या. भारत ३८७ पर्यंत पोहोंचला व वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादतां आला. पुढच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटींत त्यांनीं ११२ धांवा केल्या, आणि वेस्ट इंडीजविरुद्ध भारतानें प्रथमच कसोटी जिंकली. मालिकेंत त्यांच्या ६४२ धांवा झाल्या. गावसकरांच्या ७७४ धांवा सर्वांच्या तोंडीं आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या दौऱ्याचा पाया सरदेसाईंनीं किंग्स्टनला घातला, असें माझें मत आहे.

निवड ही नेहमीं खेळावरूनच होते असें मात्र समजूं नये. पाळवणकर बाळू हे आपल्या देशाचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियन लोकांच्या क्लबांत मैदानाची निगा राखतां राखतां ते साहेबांना सरावासाठीं गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तथापि अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्म झाल्यामुळें त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या पेल्यांतून मैदानाबाहेर येई, आणि हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच रीतसर मिळालें नाहीं. तें पद १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, व त्या वर्षीं हिंदू संघानें मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. अमुक खेळाडू संघांत कां नाहीं, असें विचारणारे त्या काळींहि होते, आणि त्यांच्या विचारण्यानेंच समितीवर दडपण आलें. टपरीवरील वादाला मी सर्वस्वीं निरुपयोगी म्हणत नाहीं, तो यासाठींच.

आतां करुण नायरकडे वळूं. २०१६ च्या डिसेंबरांत चेन्नईस त्यानें इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धांवा केल्या. पुढच्याच कसोटींत, अजिंक्य रहाणे दुखापतींतून बरा होऊन परतल्यामुळें, त्याला जागा राहिली नाहीं! ऑस्ट्रेलियाविरुद्ध संधि मिळाली तेव्हां २६, ०, २३ व ५ एवढेंच जमलें, आणि २०१७ नंतर आठ वर्षें तो कसोटीबाहेर राहिला. मध्यंतरीं कर्नाटकाच्या संघांतहि त्याला जागा उरली नाहीं. २०२३-२४ च्या हंगामांत तो विदर्भाकडे आला. २०२४-२५ मध्यें रणजी स्पर्धेंत ८६३ धांवा, आणि विजय हजारे स्पर्धेंत आठ डावांत पांच शतकांसह ७७९ धांवा त्यानें केल्या. आठांपैकीं सहा डावांत त्याला कोणी बादच करूं शकलें नाहीं.

मग इंग्लंड. लीड्सला सहाव्या क्रमांकावर ० व २०. नंतर तिसऱ्या क्रमांकावर ३१, २६, ४० व १४. मँचेस्टरला वगळला, ओव्हलला परत घेतला तेव्हां ५७ व १७. एकूण आठ डावांत २०५ धांवा. वर्गांतल्या दोन्ही पक्षांनीं हेच आंकडे माझ्यापुढें धरले. एक म्हणे, शून्य सोडल्यास प्रत्येक डावांत त्याचा जम बसतो, तेव्हां मोठी खेळी आज ना उद्यां होणारच. दुसरा म्हणे, जम बसल्यावर बाद होतो, हाच तर दोष. मला दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक पटतें. तथापि एक गोष्ट त्या पक्षानें सोयीस्करपणें गाळली. ओव्हलच्या पहिल्या डावांत भारताच्या २२४ धांवांत सर्वाधिक ५७ त्याच्याच होत्या, आणि तो सामना भारतानें अवघ्या ६ धांवांनीं जिंकून मालिका बरोबरींत सोडविली. पुढें मायदेशीं वेस्ट इंडीजविरुद्धच्या संघांत त्याचें नांव आलें नाहीं. मी समितींत असतों तर त्यास आणखी एक मालिका दिली असती. परंतु तिसऱ्या क्रमांकावर नव्हे.

२०२५-२६ च्या हंगामासाठीं तो कर्नाटकाकडे परत गेला, आणि त्याची जागा कोणीं घ्यावी हा विदर्भापुढील प्रश्न वाडीच्या बाकावरहि आला. "किती चान्स" म्हणून विचारणाऱ्या त्या मुलास मीं सांगितलें कीं, आतां तूंच संघ लिहून आण, आणि प्रत्येक नांवापुढें कारण लिही. दोन दिवसांनीं त्यानें वहीचें पान माझ्या हातीं दिलें. कारणें नीट लिहिलीं होतीं, खाडाखोडहि पुष्कळ होती. मीं नांवें मोजलीं. तीं बारा भरलीं.